बोल्टवरचा आकडा

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, लेओना थेरीओच्या बटाटे खणायच्या डिगरचा साखळीपट्टा वरच्या वावरात तुटला. आधी कडकड आवाज झाला, मग ट्रॅक्टर चालवणाऱ्या मारिएलला मागून हिसका बसला. तिनं वळून बघितलं तर पट्टा सापाच्या कातेसारखा मागं सरीत पडला होता आणि खणलेले बटाटे ढेकळांसकट यंत्राखाली गाडले जात होते.

मारिएल खाली उतरली. पट्ट्याला रोझेरनं, म्हणजे तिच्या बापानं, तीन ठिकाणी तार बांधलेली होती. तार शाबूत होती. कड्याच झिजून गेल्या होत्या.

"आई, ह्याला आता बांधायला जागाच नाही उरली."

लेओना गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. एक कडी तिनं बोटांत धरली. नखासारखी पातळ.

"बापानं तुझ्या ह्याच्यावर दोन हंगाम काढले," ती म्हणाली. "आणि मला म्हणायचा, अजून दोन निघतील."

टोपल्या घेऊन आलेल्या नऊ बाया-माणसांना त्यांनी घरी पाठवलं. अकरा एकर अजून जमिनीखाली होतं. पाऊस भरपूर झालेला, माती जड, आणि आमच्या दरीत दहा ऑक्टोबरनंतर कुठल्याही पहाटे जमीन गोठते. गोठलेला बटाटा कोठारात गेला की शेजारच्यालाही घेऊन सडतो.

यंत्रवाल्याकडं जुना पण धड पट्टा होता. सहाशे डॉलर म्हणाला. शनिवारपर्यंत ठेवतो म्हणाला, त्यापुढं नाही, कारण नदीपलीकडचा कॅनडातला एक जण मागतोय. पीक विकल्यावर पैसा येणार, पण पीक काढायलाच पट्टा हवा. रोझेर एप्रिलात गेला तो पाच महिने अंथरुणावर पडून. घरात शिल्लक होती ती त्या पाच महिन्यांत गेली.

दुपारी दोघी मायलेकी हातकुदळी घेऊन वावरात बसल्या. ओणवं होऊन माती ओढायची, बटाटा मोकळा करायचा, टोपली भरली की पिंपात ओतायची. संध्याकाळपर्यंत पाच पिंपं झाली. डिगर असता तर दोनशे झाली असती. लेओनाला बासष्टावं लागलेलं. सरीतून उठताना तिला आधी एक हात टेकावा लागे, मग दुसरा, मग जरा थांबावं लागे. मारिएल तिकडं बघायची नाही. बघितलेलं आईला आवडत नसे.

जेवायला तव्यावर कुट्टूच्या पिठाचे प्लोय टाकले होते. पिवळ्या जाळीदार प्लोयवर लोणी फिरवता फिरवता लेओना म्हणाली, "बापाची बंदूक विकते."

मारिएल खायची थांबली. "ती स्वीडनच्या फौजेतली जुनी? तिला कोण विचारतंय! त्र्याहत्तर साली शाळेजवळच्या दुकानात पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असायच्या तसल्या, झाडूसारख्या."

"त्रेसष्ट साली. तू नव्हतीस तेव्हा. बावीस डॉलरला एक. दोघा भावांनी एकाच दिवशी दोन आणल्या."

दोघा भावांतला दुसरा म्हणजे ओनेझिम, रोझेरचा धाकटा. त्याचं नाव त्या घरात अकरा वर्षं घेतलं जात नव्हतं. बांधावरची स्प्रूसची बारा झाडं रोझेरनं तोडली होती. ओनेझिमचं म्हणणं, झाडं त्याच्या हद्दीतली होती. मोजणीवाला येऊन गेला, त्यानं सांगितलं, सहा ह्याची, सहा त्याची. त्यानं दोघंही जास्तच चिडले. रोझेरच्या मातीला ओनेझिम आला, देवळात मागच्या बाकावर बसला, आणि नंतर सगळे कॉफीला थांबले तेव्हा निघून गेला.

"निदान पॉलिश तरी करू," मारिएल म्हणाली. "कोठारात सँडपेपर आहे. वरचा काळा थर घासून काढते, वार्निश मारते. नवी दिसेल."

"वेळ कुठाय? सकाळी कुदळ धरायचीय."

असं म्हणून लेओनानं कपाटातून बंदूक काढली, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळली, आणि कॉफीच्या डब्यात रोझेरनं साठवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याही बरोबर घेतल्या. पितळ आहे, मोडीत जाईल, एवढाच विचार.

*

फर्मिन कॉलिन बंदुकांची किंमत करायचा. आधी तो कागदाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, आता घरामागच्या शेडमध्ये बसायचा. त्याचा एक नियम होता. ज्याची किंमत केली ते स्वतः विकत घ्यायचं नाही. त्यामुळं त्याच्याकडं श्रीमंती आली नव्हती आणि लोक दुरून यायचे.

मंगळवारी चार वाजता लेओना पोचली तेव्हा तिच्या नखांत माती होती. तिनं हात मागं घेतले.

"असू द्या, लेओनाबाई," फर्मिन म्हणाला. "ह्या दिवसांत स्वच्छ हाताचा माणूस दिसला की मला संशय येतो. रोझेर गेल्याचं कळलं होतं. यायला जमलं नाही. कंबर."

त्यानं बंदूक बाकावर आडवी ठेवली आणि आधी नुसतीच बघितली. मग दस्त्यावरून अंगठा फिरवला.

"हे घासलं-बिसलं नाहीत ना?"

"लेक म्हणत होती. वेळ नव्हता."

"देवानं वाचवलं. घासून आणलं असतंत तर निम्मी किंमत भुश्यात गेली असती. लोक मला नवऱ्याची आठवण म्हणून चकचकीत करून आणून देतात, आणि मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागतं."

दस्त्यात बसवलेली पितळी चकती त्यानं कापडानं पुसली. फौजेतल्या कारागिरानं नळीची तपासणी करून त्यावर खुणा केल्या होत्या. मग नळीत दिवा धरून तो एका डोळ्यानं बघत राहिला.

"या, बघा."

लेओनानं बघितलं. आत चकाकणारा पीळ फिरत फिरत लांब गेला होता. बत्तीस वर्षं ही बंदूक तिच्या घरात होती, आणि ती आतून अशी असेल हे तिला माहीत नव्हतं.

"दर वेळी पुसायचा," ती म्हणाली. "बूट मात्र कधी पुसले नाहीत."

फर्मिन हसला. मग चष्म्यावर भिंग लावून एकेक आकडा वाचू लागला आणि कागदावर लिहू लागला. नळीवर चारशे सतरा. दस्त्याच्या पट्टीवर चारशे सतरा. खालच्या पत्र्यावर, कड्यावर, एवढ्याशा स्क्रूवरसुद्धा सतरा. लिहिता लिहिता त्याचा चेहरा उजळत चालला होता. शेवटी त्यानं बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दांडा, मागं ओढून बाहेर काढला, उलटा करून बघितला, आणि त्याचं तोंड उतरलं.

"आठशे बासष्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे हा बोल्ट ह्या बंदुकीचा नाही."

मग त्यानं काडतुसाच्या आकाराचा, पण त्याहून केसभर लांब पोलादी तुकडा नळीत काडतुसाच्या जागी सरकवला, बोल्ट लावून हळूच पुढं ढकलला. बोल्टची दांडी खाली बसली. फर्मिननं ओठ आवळले.

"हा तुकडा आत असताना दांडी बसायला नको. बसली. त्या पुंगळ्या दाखवा बरं."

त्यानं डब्यातून पुंगळ्या काढून एकेक दिव्याखाली फिरवली. बुडाच्या वर सगळ्यांना बारीक चकचकीत कडं होतं. एकीला त्या कड्याजवळ केसाएवढी चीर होती.

"ही बंदूक उडवायची नाही, लेओनाबाई. कुणालाच उडवू द्यायची नाही. काडतूस आत ढिलं बसतंय. दर बारला पितळ ताणलं जातं. एखाद दिवशी मागचं बूड सुटतं आणि जाळ नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. रोझेरचं नशीब."

नोव्हेंबरात रोझेर पहाटे शिकारीला जाताना लेओना त्याला थर्मास भरून द्यायची. आणि पडून झोपायची.

"किंमत सांगा."

"आहे अशी, भिंतीला लावायला, तीनशे. मूळ बोल्टसकट सातशे पन्नास. कॅरिबूला एक निवृत्त मास्तर आहे, तो अशाच गोळा करतो. उद्या देईल. पण मूळ बोल्ट कुठून आणायचा? ह्या फौजेतून निघाल्या तेव्हा एका आकड्याच्या होत्या, ते त्या लोकांचं मोठं शिस्तीचं काम. नंतर कुठंतरी अदलाबदल झालीय. एका टेबलावर दोन उघडल्या असतील..."

लेओनाला सासूचं स्वयंपाकघर दिसलं. त्रेसष्टचा हिवाळा. चुलीमागं उभ्या केलेल्या दोन बंदुका, त्यांच्यावरचं फौजेतलं घट्ट ग्रीस पातळ होऊन वर्तमानपत्रावर ठिबकतंय, दोघे भाऊ रॉकेलच्या भांड्यात सुटे भाग बुचकळतायत, आणि सासू ओरडतेय की माझ्या चुलीवर सूप आहे, त्याला वास लागेल.

"दुसरीसुद्धा अशीच धोक्याची असेल?" तिनं विचारलं.

"न बघता कसं सांगू? घट्ट असेल तर बरं. ढिली असेल तर ह्याहून वाईट." फर्मिननं तिच्याकडं बघितलं. "दुसरी कुणाकडं आहे ते माहीत आहे वाटतं."

"दर वर्षी शिकारीला नेतो तो," लेओना म्हणाली.

*

"फोन कर," मारिएल म्हणाली.

"आवाज ओळखला की ठेवून देतो."

"मग फादरना सांगू. ते निरोप देतील. आपण तीनशेला विकून टाकू, उरलेले तीनशे देऊ यंत्रवाल्याला नंतर."

"तो नंतरचं ऐकत नाही. आणि निरोप कसला? फादर सांगणार, बंदूक वाईट आहे. हा म्हणणार, रोझेरच्या बायकोचा काहीतरी डाव आहे."

बुधवारी दुपारपर्यंत त्यांनी चार पिंपं भरली. पावसाची भुरभुर होती, चिखल कुदळीला चिकटून कुदळ दुप्पट जड व्हायची. दोन वाजता लेओनानं हात धुतले, रुमाल बांधला, बोल्ट फडक्यात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला आणि वावरातून सरळ निघाली. रस्त्यानं गेली असती तर मैलभर पडलं असतं. बांध ओलांडताना ती तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांकडं न बघता गेली.

ओनेझिम अंगणात लाकडं फोडत होता. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरं दक्षिणेला शहरात. स्वतःची जमीन त्यानं खंडानं दिली होती. त्यानं लेओनाला येताना बघितलं, आणि कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

"रोझेरची बायको," तो म्हणाला. "वाट चुकली का?"

"नाही चुकले. तुमच्याकडंच आले, भाऊजी."

"झाडं तर संपली माझी. आता काय मोजायला आलात?"

लेओनाचे कान तापले. तिनं खिशातून फडकं काढलं, ते लाकडाच्या ढिगावर उघडलं. "हा बोल्ट बघा. रोझेरच्या बंदुकीतला. ह्याच्यावरचा आकडा बंदुकीवरच्या आकड्याशी जुळत नाही. हा तुमच्या बंदुकीचा असावा. तुमच्यात त्याचा बसला असावा. फर्मिननं बघितलंय. उडवायला धोक्याची आहे म्हणाला."

"बत्तीस वर्षं उडवतोय मी."

"रोझेरही उडवत होता."

"मग काय झालं त्याला? बंदुकीनं नाही मेला."

कुऱ्हाडीचं पातं त्यानं ओंडक्यात रुतवलं.

"आणि ह्यात तुम्हाला काय मिळतं?" त्यानं विचारलं. "उगाच अकरा वर्षांनी माझी काळजी?"

"मिळतं. खोटं कशाला बोलू? बंदूक विकायचीय. डिगरचा पट्टा तुटलाय, अकरा एकर खाली आहे. आकडे जुळले तर मला सातशे पन्नास, नाही तर तीनशे. पण तुम्ही बोल्ट नाही दिलात तरी चालेल. तुमचीसुद्धा फर्मिनला दाखवा, एवढं करा. तोवर उडवू नका. तेवढंच सांगायचं असतं तरी मी आले असते."

ती बोलत होती आणि तिची नजर त्याच्या गालावर गेली. उजव्या डोळ्याखाली चार-पाच निळे-काळे ठिपके होते, कातडीत रुतलेले, खसखशीएवढे. आधी नव्हते. रोझेरच्या मातीच्या वेळी तिनं त्याचं तोंड नीट बघितलंच नव्हतं.

"ते काय झालं?" तिनं विचारलं.

ओनेझिमचा हात आपोआप गालाकडं गेला. मग म्हणाला, "गेल्या नोव्हेंबरात. मला वाटलं, काडतूस जुनं होतं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"कुणाला दाखवायचं! हरीण तर पळालंच. तीन दिवस डोळ्यावर थंड पाण्याचा बोळा ठेवून बसलो एकटा." तो घराकडं वळला, दोन पायऱ्या चढला, आणि मागं न बघता म्हणाला, "आत या. बाहेर भिजताय."

स्वयंपाकघर गार होतं, चूल नुकती विझलेली. टेबलावर एकच बशी, एकच पेला. ओनेझिमनं बंदूक आणून टेबलावर ठेवली. तिच्या नळीखालचं लाकूड त्यानं तरुणपणी करवतीनं निम्मं कापून टाकलं होतं, उचलायला हलकी व्हावी म्हणून. त्यानं बोल्ट काढला, खिडकीशी नेला, चष्मा वर केला, खाली केला.

"वाचा तुम्ही. मला नीट दिसत नाही."

"चारशे सतरा," लेओनानं वाचलं.

"पुन्हा वाचा."

"चार, एक, सात."

तो खुर्चीत बसला. खांदे हलायला लागले तेव्हा तिला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता.

"आईचं ते टेबल," तो म्हणाला. "रोझेर म्हणाला, तू नळी पूस, मी बोल्ट पुसतो, दोन्ही एकदम रॉकेलमध्ये टाकतो, वेळ वाचेल. मी म्हणालो, मिसळतील. तर म्हणतो, मिसळले तरी काय, एकाच कारखान्याचे आहेत!" त्यानं डोळे पुसले. "सगळ्या जन्मात तो एकदा तरी म्हणाला का, की चुकलो म्हणून?"

"मला तर कधी नाही," लेओना म्हणाली.

"मलाही नाही." ओनेझिमनं चारशे सतराचा बोल्ट तिच्याकडं सरकवला. मग हात परत पुढं करून तो थांबवला. "असा नको. उद्या मीच घेऊन येतो. फर्मिननं माझ्यासमोर बघायचं. त्याच्या भिंगाचा मला भरवसा नाही."

*

गुरुवारी सकाळी ओनेझिमची जुनी गाडी अंगणात उभी राहिली. मारिएल दारात आली. म्हणाली, "काका, कॉफी घेणार?"

"तू एवढी मोठी झालीस?"

"एकतिसावं लागलं. तुमच्या वावरापलीकडंच राहते मी."

"दिसायचीस ट्रॅक्टरवर," तो म्हणाला. "वळताना क्लच लवकर सोडतेस."

तिघं एकाच सीटवर दाटीवाटीनं बसून फर्मिनकडं गेले, दोन बंदुका मागं ब्लँकेटमध्ये. फर्मिननं दोन्ही बोल्ट आपापल्या जागी लावले. पोलादी तुकडा आधी चारशे सतरामध्ये घातला. दांडी अर्ध्यावर अडली. त्यानं बोटानं दाबून बघितलं, हलली नाही. मग आठशे बासष्टमध्ये. तीही अडली.

"दोन्ही धड," तो म्हणाला. "ज्याच्या त्याच्या घरात गेल्यावर धड." मग त्यानं ओनेझिमच्या बंदुकीचं कापलेलं लाकूड बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हे कुणी केलं?"

"मी. जड होती."

"एकशे ऐंशी."

"काय?"

"किंमत. एकशे ऐंशी डॉलर. तेही नळी चांगली म्हणून. करवत हातात घ्यायच्या आधी कुणाला तरी विचारायचं होतंत."

"मी विकायला आणलीच नाहीये!" ओनेझिम ओरडला. "आणि तिची?"

"सातशे पन्नास. मी जास्तही लिहिले असते, पण दस्त्याला इथं एक खोक आहे. मास्तर चिकित्सक आहे."

"एकाच दिवशी, एकाच पिंपातून काढलेल्या," ओनेझिम मारिएलला म्हणाला. "तुझ्या बापानं आळसानं लाकूड कापलं नाही, आणि आता बघ."

"आळशी नव्हता तो," लेओना म्हणाली.

"वहिनी, तो माझा भाऊ होता. मला माहीत आहे तो काय होता."

अकरा वर्षांत पहिल्यांदा 'वहिनी' म्हणाला तो.

मास्तर शुक्रवारी आला. बंदूक हातात घेऊन बराच वेळ आकडे तपासत राहिला. त्यानं नोटा मोजून दिल्या आणि जाताना विचारलं, ही कोण वापरायचं त्याचं नाव मला वहीत लिहायला हवं. लेओनानं नाव सांगितलं. त्यानं तिच्यासमोर लिहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे का ते तिला दाखवलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. शनिवारी आठच्या ठोक्याला ती यंत्रवाल्याच्या दारात होती.

*

सोमवारी पहाटे वावरावर पांढरं दव होतं, पण जमीन गोठली नव्हती. नवा पट्टा खळखळत फिरत होता, माती खाली झडत होती आणि मागं सरीवर बटाटे ओळीनं पडत होते, ओले, गुलाबी. नऊ बाया-माणसं आपापल्या टोपल्या घेऊन वाकली होती.

सात वाजता ओनेझिम बांधावरून आला. हातात ॲश लाकडाच्या पट्ट्यांची जुनी टोपली, गुडघ्यांना गाडीच्या टायरचे तुकडे बांधलेले.

"मला कुठली ओळ?"

लेओनानं एकदा त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं. नको म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पिंपांवर लावायच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा तिनं त्याला दिला. प्रत्येक चिठ्ठीवर दहा आकडा होता.

"हे काय? मला नंबर?"

"सगळ्यांना असतो. भरलेल्या पिंपावर चिठ्ठी लावायची, संध्याकाळी त्यावर मजुरी मिळते."

"माझ्या बापाच्या वावरात मला नंबर!"

"बिनचिठ्ठीचं पिंप धरलं जाणार नाही, भाऊजी."

शेजारच्या ओळीतल्या बाया हसल्या. ओनेझिमनं गठ्ठा खिशात कोंबला आणि कुरकुरत खाली बसला. पहिलं पिंप भरायला त्याला पाऊण तास लागला. डोळ्यांना बटाटा आणि ढेकूळ यांतला फरक लवकर कळत नव्हता, म्हणून तो हातानं चाचपून उचलायचा. दुसरं जरा लवकर भरलं. दुपारी जेवायला सगळे कोठाराच्या भिंतीशी उन्हाला टेकले तेव्हा त्याची पाच झाली होती, आणि त्याच्या बोटांची पेरं थंडीनं लाल पडून सरळ होत नव्हती. मारिएलनं गरम प्लोयचा रोल करून त्याच्या मुठीतच दिला.

"काका, उद्या घरी बसा. बोटं बघा काय झालीत."

"तू क्लचकडं बघ."

लेओना पालथ्या टोपलीवर बसली होती. वरच्या वावरातल्या उघड्या सऱ्या इथून दिसत होत्या, आणि त्यांच्यापलीकडं अजून न खणलेली काळी जमीन. आठ दिवसांचं काम. हवामान टिकलं तर सात. तिनं मनात हिशेब केला आणि तो जमतोय असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"किती वाजता सुरू करता?" ओनेझिमनं तोंडातला घास संपवत विचारलं.

"सहाला."

"मी साडेपाचला येतो. ट्रॅक्टर तापायला वेळ लागतो तुमचा. रोझेरच्या वेळेपासून लागतो."

"या," लेओना म्हणाली. "कॉफी ठेवते."

तो उठायला लागला. आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग जरा थांबला. लेओनाही तशीच उठत होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि कुणीच कुणाला हात दिला नाही. उठून उभी राहिल्यावर आपापल्या टोपल्या उचलून दोघं सरीकडं निघाली.